पडक्या घराचे मोल कसे ठरवावे?

गावठाणातील जुने घर विकत घेताना किंवा भावाभावांत वाटणी करताना त्याची किंमत बाह्य स्वरूपावरून ठरविली जाते. परंतु नव्या गिलाव्याखाली खचलेली भिंत व कुजलेली तुळई सहज झाकली जाते. यास्तव आधी पाहणी करावी, मग हिशेब मांडावा आणि त्यानंतरच बोलणी करावी.

पाहणी : भिंतीस ओळंबा लावून ती कोठे कलली वा फुगली आहे हे पाहावे. तिरप्या, रुंदावत जाणाऱ्या भेगा बहुधा पाया खचल्याचे दर्शवितात. तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोच्याने तपासावे. ओल व वाळवी यांचा उपद्रव तेथे अधिक असतो. माळवदावरील मातीचा थरही मोजावा. गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी माती टाकल्याने छताचा भार वाढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून अशा घराच्या दुरुस्तीत केवळ भेगा बुजविण्याचा नव्हे, तर भिंती बळकट करण्याचा व छत हलके करण्याचा खर्चही धरावा.

हिशेब : जागा व इमारत यांचे मोल निरनिराळे काढावे. समजा, तेवढ्याच मोकळ्या जागेची किंमत ३,००,००० रुपये आहे. घर पाडल्यास सागवान, घडीव दगड इत्यादींचे ६०,००० रुपये येतील व पाडणीस ४०,००० रुपये लागतील. म्हणजे घराचे आजचे मोल ३,२०,००० रुपये झाले. आता दुरुस्तीस ४,००,००० रुपये लागून तयार घर ६,००,००० रुपयांचे होणार असेल, तर त्या मार्गाने २,००,००० रुपयेच उरतात. अशा वेळी दुरुस्ती तोट्याची ठरते, आणि ३,२०,००० रुपयांहून अधिक किंमत देणे योग्य नव्हे. भिंत उकलल्यावर नवे दोष दिसून येतात. तेव्हा अंदाजात काही रक्कम राखीव ठेवावी.

कागदपत्रे : ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. मिळकत पत्रिका असल्यास पाहावी व सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी.

वाडवडिलांच्या वास्तूविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यापायी कर्ज काढण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कुटुंबास हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, आणि भिंत धोक्याची असल्यास पावसाळ्यापूर्वी घर रिकामे करण्याचा सल्ला द्यावा.