जळिताच्या व्रणांवर स्वतःच्याच मेदाचा उपचार

डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यास आग लागली. मृतांमध्ये बहुतांश महिला कामगार होत्या. जखमींना संत तुकाराम नगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणण्यात आले होते. अशा दुर्घटनेतून जीव वाचला व जखमा भरून आल्या की उपचार संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जखम भरल्यानंतर व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो. तो जाड व कडक होतो, खाजतो, खालच्या स्नायूंना चिकटतो. बोटे आखडतात, मान वळत नाही. ज्याचा संसार हाताच्या कामावर चालतो, त्याच्यासाठी हा केवळ रूपाचा प्रश्न नसतो.

अशा व्रणांवर रुग्णाच्या स्वतःच्या मेदाचे, म्हणजे चरबीचे, रोपण करता येते. कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातील मेद चेहऱ्यावरील खोलगट व्रणाखाली बसविला होता. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी कोलमन यांनी त्याची शिस्तबद्ध पद्धत रूढ केली. पोट किंवा मांडीतून बारीक नळीने मेद काढतात, यंत्रात फिरवून त्यातील रक्त व द्रव वेगळे करतात आणि उरलेला शुद्ध मेद व्रणाखाली थेंबाथेंबाने, अनेक दिशांनी सोडतात. मेद स्वतःचाच असल्याने शरीर तो परका मानत नाही. नळीच्या हालचालीने चिकटलेले थर सुटतात, मेदाची मऊ गादी तयार होते, आणि मेदातील पेशी नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस साहाय्य करतात, असे मानले जाते.

तथापि रुग्णांच्या आप्तांस आम्ही मर्यादाही स्पष्टपणे सांगू इच्छितो. मिलान येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये तीन जळीत रुग्णांत आशादायक परिणाम नोंदविले. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांवरील एका लहान तुलनात्मक अभ्यासात व्रणाच्या रूपात फरक आढळला नाही. व्रण नाहीसा होत नाही. काहींचा मऊ होतो, वेदना व ताठरपणा कमी होतो. सोडलेल्या मेदाचा काही भाग विरून जातो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा रोपण करावे लागू शकते. सांधा पूर्ण आखडला असेल तर आधी शस्त्रक्रियेने तो मोकळा करून त्वचारोपण करावे लागते. सूज, गाठी, जंतुसंसर्ग संभवतात; चेहऱ्यावर मेद रक्तवाहिनीत शिरल्यास, क्वचित का होईना, दृष्टी जाण्याचा धोका असतो. म्हणून हे काम प्रशिक्षित प्लास्टिक सर्जननेच करावे. ‘स्टेम सेल’च्या नावाने हमखास गुण देण्याच्या जाहिरातींस भुलू नये. रक्ताचे ठराविक विकार वगळता असे उपचार नेहमीची चिकित्सा म्हणून देण्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अनुमती देत नाहीत.

दात्यांना आमची विनंती अशी की, त्यांनी जखम भरल्यानंतरच्या या दीर्घ काळाकडेही लक्ष द्यावे. दिवसाचे जवळजवळ तेवीस तास घालावयाचे दाबाचे कपडे, सिलिकॉनच्या पट्ट्या, नित्याचा व्यायाम, आणि तपासणीस येताना बुडणारी रोजंदारी यांचा भार कुटुंबांना पेलवत नाही. मग उपचार अर्ध्यावर सुटतात आणि हात कायमचा आखडतो. मेदाचे रोपण उपयोगी ठरावयाचे तर हा पाया आधी भक्कम हवा. आपल्या देणगीने सावरलेला हात पुन्हा कामाला लागतो, आणि एक घर उभे राहते.