‘आपल्या शिवारात वाघ’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

राळेगाव : कापूस वेचणीचे दिवस. सकाळी सकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडतो. रस्त्यावरून वाघ चाललाय, खाली लिहिलंय, ‘आत्ताच, राळेगाव शिवार, सर्वांना पाठवा.’ अर्ध्या तासात तोच व्हिडिओ फेसबुकवरही दिसतो. वेचणाऱ्या बाया वावरात जायला तयार होत नाहीत, रात्रीची जागल सुटते, रोही आणि डुकरं पीक खाऊन जातात. दोन दिवसांनी कळतं, व्हिडिओ भलतीकडचाच होता.

पण आपल्या भागात वाघाचा मेसेज थट्टेवारी नेता येत नाही. राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात टी-१ वाघिणीशी १३ माणसांच्या मृत्यूची नोंद जोडली गेली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. शहरातले लोक ‘अवनी’ म्हणून तिच्यासाठी फेसबुक-ट्विटरवर मोहीम चालवत होते, तेव्हा इथली माणसं दिवस मावळायच्या आत घर गाठत होती. म्हणूनच खोटा मेसेज इथे जास्त घातक. ‘लांडगा आला रे आला’ असं रोज ओरडलं, तर खरा वाघ येईल त्या दिवशी कोणी मान वर करून पाहणार नाही.

मग करायचं काय? बोट ‘फॉरवर्ड’वर जाण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१) कुठे? ‘आपला तालुका’ म्हणजे ठिकाण नाही. गाव, शिवार, नाला, रस्ता यापैकी काही लिहिलेलं नसेल तर तिथेच थांबा. व्हिडिओतली झाडं, पाट्यांवरची भाषा, गाडीचा नंबर बघा. नंबर एमएच-२९ नसेल तर शंका घ्या.

२) कधी? फेसबुकवर दिसणारी तारीख पोस्ट टाकल्याची असते, व्हिडिओ काढल्याची नाही. ‘आत्ताच’ हा शब्द वर्षभरानंतरही ‘आत्ताच’ राहतो. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बरेचदा तिथे सापडतो.

३) कोणी पाहिलं? पाठवणाऱ्याला फोन लावा, ‘भाऊ, तू स्वतः पाहिलं का?’ ‘नाही बा, मलाही आलं’ असं उत्तर आलं तर मेसेज तिथेच अडवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो निदान पाच जणांच्या साखळीतून फिरून आलेला असतो. ओळखीच्या माणसाने पाठवला म्हणजे त्याने पाहिला, असं नव्हे.

४) खराच आहे का? आता मोबाईलवर एआयने बनवलेले व्हिडिओही येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहात वाघाने माणसाला उचलून नेल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. सीसीटीव्हीसारखाच दिसत होता. तो बनावट असल्याचं वन विभागाला सांगावं लागलं.

५) आधी कोणाला सांगायचं? वाघ किंवा ताजे पगमार्क खरंच दिसले, तर पहिला फोन वनरक्षकाला, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला. मग पोलीस पाटील आणि शेजारच्या वावरातले लोक. फेसबुक लाईव्ह सगळ्यात शेवटी, खरं तर नकोच. जागेसकट व्हिडिओ टाकला की मोटारसायकली घेऊन बघ्यांची गर्दी होते. गर्दीत अडकलेला वाघ बिथरतो आणि वन विभागालाही काम करता येत नाही.

वाघाइतकाच धोका माणसाबद्दलच्या अफवेचा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे होते. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. अनोळखी माणसावर संशय आला तर ११२ ला फोन करा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

ग्रुप अ‍ॅडमिन नेहमी विचारतात, ‘दुसऱ्याने टाकलं तर आमच्यावर केस होते का?’ २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, दोघांचं संगनमत असलं पाहिजे. पण कायद्यातून सुटलो म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. अफवा फिरायला लागली तर सेटिंगमध्ये ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा आणि चुकीचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा.

स्वतःकडून चूक झाली तर? गुपचूप डिलीट करून बसू नका. जिथे जिथे पाठवला तिथे लिहा, ‘मघाचा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, माझी चूक झाली.’ यात कमीपणा नाही. उलट पुढच्या वेळी तुम्ही ‘वाघ आहे, वावरात जाऊ नका’ असं लिहाल, तेव्हा गाव तुमचं ऐकेल.