सात वर्षांत पडलेलं छत

गोव्याला जाऊन आलेल्या बाया समुद्राचं आणि मासळीचं सांगतात. आज आपण जुन्या गोव्यातल्या एका पडक्या चर्चविषयी बोलू. तळेगावापासून ते फार लांब आहे, पण त्यातली गोष्ट आपल्या प्रत्येक गटाच्या कामाची आहे.

पणजीहून दहाएक किलोमीटरवर जुनं गोवं आहे. पोर्तुगीजांची राजधानी तिथे होती. तिथल्या टेकडीवर एक उंच लालसर मनोरा एकटाच उभा दिसतो. उंची सुमारे ४६ मीटर, म्हणजे दीडशे फूट. हा सेंट ऑगस्टिन चर्चच्या घंटाघराचा उरलेला तुकडा. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी १५९७ मध्ये हे चर्च बांधायला घेतलं आणि १६०२ मध्ये ते पुरं झालं. आत आठ छोटी प्रार्थनाघरं होती, शेजारी साधूंचा मोठा मठ होता.

आपल्याकडे काळा दगड मिळतो, तसा तिकडे जांभा मिळतो. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून चिरे कापणं सोपं जातं. वाऱ्या-उन्हात तो टणक होतो. पण त्याला बारीक भोकं असतात, पाणी शोषतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा लागतो, आणि तो वरचेवर नवा करावा लागतो.

चर्चचं छत कमानीचं होतं. छपराच्या बैलगाडीवर तट्ट्याची कमान असते ना, तशी दगडाची कमान डोक्यावर. तिला मधे खांब नसतो. एक दगड दुसऱ्याला रेटून धरतो आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. सांध्यातला चुना धुपला, फटीत पिंपळाचं मूळ शिरलं, की दगडांची एकमेकांवरची पकड सुटते.

मग हे चर्च पडलं कसं? कुणी तोफ डागली नाही, आग लावली नाही. साथीच्या आजारांनी जुनं गोवं हळूहळू ओस पडत गेलं होतं, राजधानी पणजीला गेली. त्यात पोर्तुगालच्या सरकारने साधूंचे संघ बंद केले. १८३५ मध्ये इथल्या साधूंना मठ सोडावा लागला. छपरावर चढून रोपटी उपटणारं, गिलावा करणारं कुणी उरलं नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे त्याच्या तिपटीच्या आसपास. १८४२ मध्ये कमानीचं छत कोसळलं. दोनशे तेहतीस वर्षं टिकलेली इमारत, आणि बिनदेखभालीची फक्त सात वर्षं!

छत गेलं की भिंतींचा आधार जातो. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. घंटा तेवढी वाचली. ती आधीच हलवली होती. १८७१ पासून ती पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये आहे.

आता दुसरी गोष्ट, एका राणीची. जॉर्जिया देशातली राणी केतेवान. इराणच्या शहा अब्बासने तिला कैदेत ठेवलं. धर्म बदलायला तिने नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ शहरात तिचा छळ करून तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या काही अस्थी १६२७ मध्ये गोव्यात आणल्या आणि याच मठात ठेवल्या. कुठे ठेवल्या, तेही लिहून ठेवलं: सभागृहाच्या दुसऱ्या खिडकीपाशी.

पुढे खिडकीच ढिगाऱ्यात गेली. पण कागद राहिला. त्याच्या आधाराने पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं आणि २००४ मध्ये एक हाड मिळालं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्याची डीएनए तपासणी केली. त्यांनी जो अंश पाहिला तो फक्त आईकडून लेकरांना मिळतो. भारतातल्या हजारो नमुन्यांत तो आढळला नाही, जॉर्जियातल्या लोकांत आढळला. २०१३ मध्ये हे जाहीर झालं, आणि २०२१ मध्ये भारताने अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सन्मानाने दिला. आईचा धागा आणि एक जुनी नोंद, या दोन गोष्टींनी राणीचा पत्ता लागला.

मैत्रिणींनो, आपल्या गावात समाजमंदिर आहे, जुनी विहीर आहे, गटाची खोली आहे. बांधायला निधी मिळतो, फीत कापली जाते, फोटो निघतात. पण मृगाच्या आधी छपरावर कोण चढणार, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं नसतं. आपण घरचे कवेलू दरवर्षी फिरवून घेतो, कारण गळलं तर आपल्याच चुलीवर गळतं. सगळ्यांची इमारत गळली तर ती कुणाचीच नसते.

म्हणून येत्या बैठकीत दोन कामं करू. गावातल्या एका सार्वजनिक जागेच्या डागडुजीसाठी दोघींची नावं आणि थोडी रक्कम ठरवू. आणि ती जागा कधी झाली, कुणाच्या श्रमाने झाली, काय कुठे ठेवलंय, हे ठराववहीत लिहू. बायांचे श्रम नोंदले नाहीत, तर पुढे कुणी खोदूनही ते सापडायचे नाहीत.