अंकांची रांग

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी येथे ठिकठिकाणी पाळ घालून पावसाचे पाणी अडविले आणि त्यावर धानाची शेती फुलविली. पुढे हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे झाले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. अशा तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचतो आणि पाणी थोडेच मावते. मग रोवणीच्या वेळी पावसाने ओढ दिली, की शेतकऱ्याची फार अडचण होते.

समजा, उन्हाळ्यात पाच गावांच्या तलावांतील पाण्याची खोली मुलांनी मोजली. ती सेंटिमीटरमध्ये अशी भरली : ८५, ९, २००, ४०, १२०. ज्या तलावात पाणी सर्वांत कमी, त्याचा गाळ प्रथम उपसावयाचा असे ठरले. पाच आकडे कोणीही क्रमाने लावील; पण गावे पाचशे असली तर? अशा वेळी हे काम संगणकाकडे सोपविता येते.

संगणकाला आज्ञा देण्याचे एक साधन म्हणजे शेल. शेल म्हणजे कवच. नारळाच्या गराभोवती जशी करवंटी, तसे हे कवच संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याभोवती असते. आपण टंकलेली आज्ञा ते आत पोचविते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्यातील शेलची परंपरा आजच्या लिनक्समध्येही चालू आहे. अनेक आज्ञा क्रमाने एका फाइलीत लिहून ठेवल्या, म्हणजे तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात.

आपल्या स्क्रिप्टमध्ये 'रीड' ही आज्ञा मुलांनी टंकलेली माहिती घेते. प्रत्येक ओळीत आधी खोली व पुढे गावाचे नाव असावे. नाही तर आकडे क्रमाने लागतील, पण कोणता आकडा कोणत्या गावाचा, हे कळणार नाही. नंतर या सर्व ओळी 'सॉर्ट' या आज्ञेकडे जातात. सॉर्ट म्हणजे क्रम लावणे.

आता उत्तर पाहा : १२०, २००, ४०, ८५, ९. ज्या गावचा तलाव आटत आला, त्याचाच क्रमांक शेवटचा! असे का झाले?

शब्दकोश उघडा. त्यात 'कमळ' हा शब्द 'वड' या शब्दाच्या आधी येतो, कारण 'क' हे अक्षर 'व'च्या आधीचे आहे. शब्द किती लांब आहे, हे तेथे पाहत नाहीत. सॉर्टनेही तसेच केले. १२० मधील पहिले चिन्ह १ आणि ९ मधील पहिले चिन्ह ९. १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून १२० आधी. तिने अंकांना अक्षरे मानले; त्यांचे मूल्य पाहिलेच नाही. शब्दांना जो क्रम योग्य, तो संख्यांना चालत नाही.

यावर उपाय सोपा आहे. 'सॉर्ट'पुढे वजाचे चिन्ह व त्याला जोडून 'एन' हे रोमन अक्षर लिहावे. म्हणजे ती आज्ञा प्रत्येक ओळीच्या आरंभीच्या संख्येचे मूल्य पाहते आणि उत्तर येते : ९, ४०, ८५, १२०, २००.

तरीही एक सावधगिरी हवी. येथे अंक इंग्रजी चिन्हांनीच लिहावे लागतात. कोणी 'दोनशे' असे अक्षरांत लिहिले किंवा देवनागरी अंक वापरले, तर सॉर्ट त्याचे मूल्य शून्य धरते. तक्रार न करता ती भरलेल्या तलावाची ओळ सर्वांच्या वर नेऊन बसविते. म्हणून माहिती घेतानाच ती तपासावी, आणि चूक आढळल्यास पुन्हा विचारावी, अशी आज्ञाही स्क्रिप्टमध्ये असली पाहिजे.

संगणक सांगितलेले काम बिनचूक करतो, परंतु आकड्यामागचे गाव त्याला दिसत नाही. ते आपल्याला दिसते. म्हणून योग्य आज्ञा देणे आणि आलेले उत्तर डोळसपणे पाहणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

अभ्यास
१. मालगुजारी तलावांना हे नाव का पडले?
२. ७, ६५, ३००, १८ या संख्या प्रथम शब्दकोशाच्या रीतीने व नंतर मूल्याप्रमाणे लावा.
३. माहिती घेतानाच ती का तपासावी, ते तुमच्या शब्दांत लिहा.