गाळ, गंगा आणि सायखेडा

एप्रिल २०१६ मध्ये नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं. चार महिनेही उलटले नाहीत, तोच ऑगस्टच्या सुरुवातीला निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरीत गोदावरी घराघरांत शिरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच झालं. गोदाकाठी नदीला ‘गंगा’ म्हणतात; गंगेनं एकाच वर्षात दिलेल्या या दोन टोकांचं नातं शोधायचं तर सायखेड्याच्या पुलावर उभं राहावं.

पाण्याच्या भांडणात आपण बहुधा धरणंच मोजतो. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट). वर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा भरतात आणि खाली पैठण वाट पाहतं. समन्यायी वाटपाचं तत्त्व २००५ च्या कायद्यात आलं. २०१४ च्या आदेशानं ते आकड्यात बसवलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसीचा आदेश निघाला, २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसीचा.

मराठवाड्याची तहान खरी आहे, हे पाणी जायलाच हवं. पण ते जातं तेव्हा इथं काय होतं, तेही पाहायला हवं. ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी होते, उन्हाळ कांद्याची रोपं टाकायची असतात, आणि नेमकी तेव्हाच काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात. भरलेली नदी डोळ्यांसमोरून जाते आणि वाफा सुकतो.

पण मला सायखेड्याचा खरा प्रश्न गाळात दिसतो. खाली नांदूर मधमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला. त्याचे कालवे कोपरगाव-राहात्यापर्यंत जातात. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांतली माती घेऊन आलेली गोदावरी आणि दारणा दारणासांगवीला मिळतात. पुढं बंधाऱ्याच्या फुगवट्यात वेग मंदावतो आणि माती तळाला बसते. शंभर वर्षं बसते आहे. तळ वर आला की साठा घटतो, आणि पूर आला की पाण्याला पसरायला फक्त गाव उरतं. टंचाई आणि महापूर, दोन्हींच्या मुळाशी हीच माती आहे.

‘मग उपसा गाळ’ म्हणणं सोपं आहे. याच उथळ, गाळानं घडलेल्या पाणथळीवर दरवर्षी हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य झालं, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. गावांलगतचं वरचं पात्र मोकळं करावं आणि पक्ष्यांची उथळ जागा राखावी, असं मला वाटतं. त्यासाठी टक्क्यांच्या हिशेबात गाळाचाही रकाना हवा. धरणातून किती सुटलं हे आपण टीएमसीत लिहितो; पात्रात किती माती साचली हे विचारायला पूरच यावा लागतो.

बंधाऱ्यातलं पाणी फार खाली गेलं की चांदोरीच्या पात्रातली जुनी हेमाडपंती मंदिरं उघडी पडतात. काळ्या दगडांभोवती वाळलेल्या गाळाला भेगा गेलेल्या असतात. माणसं त्या भेगांवरून चालत दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात त्याच जागी होडी चालते.