मशीनवरचे झाकण

यंत्र चांगले असले की संस्था ते आनंदाने घेते, असे बाहेरच्याला वाटते. मी पस्तीसेक वर्षे बँकेत काढली. मला तसे वाटत नाही.

१९८४ साली सोलापुरात एका सरकारी बँकेच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो. बचत खात्यांची लेजरे उचलताना खांदा भरून येई. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक शोधायची आणि तिच्यावर व्याज लावायचे. बारा तारखेला पैसे भरणाऱ्याचे त्या रकमेवरचे महिन्याचे व्याज बुडे. रोजच्या शिलकीवर हाताने व्याज काढायचे म्हटले असते, तर सहामाहीला आम्ही घरी गेलोच नसतो! रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीचा नियम आणला तो १ एप्रिल २०१० पासून, संगणक आल्यावर.

तोवर यंत्राला विरोध कोणाचा? सगळे युनियनकडे बोट दाखवत. नोकऱ्या जातील ही भीती होतीच, आणि ती खोटीही नव्हती. पण १९८३ मध्येच संघटनांनी मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार केला होता. यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता मिळणार म्हटल्यावर विरोध बराच मवाळ झाला.

आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे मशीन आले. त्याला वातानुकूलित खोली मिळाली, आम्हाला पंखे! चपला बाहेर काढून आत जायचे. पण कित्येक महिने त्याच्यावरचे झाकण निघाले नाही. मशीनवर शिल्लक चढवण्याआधी लेजरचा मेळ जनरल लेजरशी बसायला हवा, आणि तो बसत नव्हता. ही गोष्ट वर कळवायची कोणी? ‘कर्मचारी तयार नाहीत’ हे कळवणे सोपे होते.

अशा झाकलेल्या गोष्टी बाहेर याव्यात म्हणूनच की काय, १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा, असा आदेश १९९८ मध्ये बँकांना मिळाला तो केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विट्ठल यांच्याकडून. १९९४ नंतर आलेल्या नव्या खाजगी बँका तोवर चांगली खाती पळवू लागल्याच होत्या. गुणांपेक्षा धाक आणि शेजाऱ्याची भरभराट अधिक काम करते.

आमचा फरक होता ६३० रुपयांचा. हेडक्लार्क, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, म्हणाले, “नवाने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठेतरी.” चार रविवार पाने उलटली. एका भाजीवाल्या मावशींच्या खात्यात पान बदलताना ८१० चे १८० झाले होते. मावशी पूर्वी विचारायला आल्या होत्या. त्यांचे पासबुक पावसात भिजून गेले होते. “मावशी, लेजर चुकत नाही,” असे सांगून त्यांना परत पाठवणारा मीच.

भाऊंनी त्यांना बोलावून व्याजासकट हिशेब दाखवला.

“नव्या मशीननं शोधलं का?” मावशींनी विचारले.

“नाही, आम्हीच,” भाऊ म्हणाले.

मी मान खाली घालून व्हाउचर लिहीत होतो.