कपभर कॉफी आणि रास्त भाव

दोस्तांनो, पाहुणे आले की घरात जायफळ घातलेल्या कॉफीचा कसा घमघमाट सुटतो, हो ना? पण कॉफीसाठी आपण मोजलेल्या पैशांतले किती पैसे ती पिकवणाऱ्याच्या हातात पडतात, याचा कधी विचार केलाय? चला तर, आज थेट मेक्सिकोला जाऊया!

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथले झापोटेक, मिहे हे आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर कॉफी लावतात. जमीन अगदी थोडी. लाल फळं हातानं तोडायची, साल काढायची, बिया धुऊन उन्हात वाळवायच्या. एवढं राबून माल विकायचा कुणाला? रस्ते धड नव्हते, बाजार लांब. मग दारात येणारा दलाल सांगेल तोच भाव! लोक या दलालांना 'कोयोटे' म्हणत. कोयोटे म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी. नाव चपखल आहे की नाही?

१९८०नंतरच्या काळात हे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी 'उसीरी' ही संस्था काढली. माल एकत्र करायचा आणि दलालाला टाळून विकायचा! त्यांच्यातच राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ मदतीला होते. १९८८मध्ये त्यांनी निको रोझेन यांच्यासोबत नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' हा शिक्का सुरू केला. जावा बेटावरच्या शेतकऱ्यांवरील अन्यायाविरुद्ध उभा राहणारा हा १८६०च्या एका डच कादंबरीचा नायक. पाकिटावर हा शिक्का असला, की समजायचं, शेतकऱ्याला रास्त भाव मिळालाय.

पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, देशादेशांतला कॉफी करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. तेव्हा या शिक्क्याचं मोल कळलं! कारण यात किमान भाव ठरलेला असतो. बाजार पडला तरी त्याखाली जायचं नाही आणि बाजार चढला तर चढा भाव द्यायचा. २०२३मध्ये अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, १.८० डॉलर ठरला. त्यावर २० सेंट जास्तीचे. ते कशावर खर्च करायचे, हे शेतकऱ्यांची संस्थाच ठरवते. कुठं शाळा, कुठं दवाखाना, कुठं बिया वाळवायला अंगण!

आणि जंगलाचं काय? इथली कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. पालापाचोळ्याचं खत होतं, मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. उत्तर अमेरिकेतले पक्षी थंडीत याच झाडांवर मुक्कामाला येतात, बरं का! भाव मिळाला नाही, तर शेतकरी कॉफी सोडून झाडं तोडेल आणि दुसरं पीक घेईल. म्हणजे पाखरांचं घरही भावावरच उभं! भारतातली बहुतेक कॉफीही अशी सावलीतच वाढते.

एक अडचण मात्र आहे. रास्त भावाला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर उरलेली पोती साध्या बाजारभावानंच विकावी लागतात. म्हणजे शेवटचा दुवा कोण? आपणच!

तेव्हा आता वाण्याकडे गेलात, की आई-बाबांसोबत पाकीट उलटून बघा आणि विचारा, हे पिकवलं कुणी? त्याला काय मिळालं? कॉफीच कशाला, तूरडाळीबद्दलही विचारा!